प्रवाळाला मंगळवार नाही

नागपुरात समुद्र सापडतो तो झिरो माईलच्या दगडावर. १९०७ सालच्या त्या षटकोनी दगडावर माथ्याची उंची कोरली आहे : सरासरी समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. धंतोलीतून तिथे पायी जायला अर्धा तासही लागत नाही. आमच्याकडच्या बहुतेकांचा समुद्राशी संबंध त्या आकड्यापुरता. बाकी उन्हाळ्यात पन्हे, हिवाळ्यात संत्री आणि सुट्टी पडली की ताडोबा.

मी धंतोलीत एक्स-रे काढतो. गल्लीत चार घरे सोडली की एक हॉस्पिटल, त्यातली निम्मी हाडांची, त्यामुळे आमच्या धंद्याला मरण नाही. गडचिरोलीपासून शिवनीपर्यंतची माणसे मोडलेले हात-पाय घेऊन इथे येतात. आमच्या भागातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी एकदा गप्पांच्या ओघात सांगितले, की हाडात पोकळी पडली तर ती भरायला जे पदार्थ वापरतात, त्यांतला एक समुद्रातल्या प्रवाळापासून करतात. प्रवाळाच्या सांगाड्यातली छिद्रांची जाळी माणसाच्या हाडाशी इतकी मिळतीजुळती असते, की त्यावर प्रक्रिया करून ती बसवली तर आपले हाड तिच्यातून वाट काढत वाढते. त्यासाठी वापरतात त्यांतल्या दोन प्रजाती म्हणजे पोराइट्स आणि गोनिओपोरा.

नंतर वाचनात आले ते माझ्या कामाच्या आणखी जवळचे होते. प्रवाळाचा गोटा मधोमध कापून त्याच्या पातळ चकतीचा एक्स-रे काढला, तर फिल्मवर फिकट-गडद पट्टे दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष. १९७२ साली पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावरच्या प्रवाळांवर हे पक्के झाले. अमेरिकेने त्या भागात अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या होत्या. त्यांचा किरणोत्सार प्रवाळाच्या थरांत अडकून पडला होता आणि चाचण्यांच्या तारखा ठाऊक असल्याने पट्टे मोजणे सोपे गेले. जन्मभर हाडांच्या फिल्मा पाहणाऱ्या माणसाला असला प्राणी प्रत्यक्ष पाहावासा वाटणारच. आणि पोराइट्स, गोनिओपोरा दोन्ही आपल्या महाराष्ट्रात, मालवणला आहेत असे कळल्यावर अंदमानचा खर्चही वाचला.

हिने विचारले, "अहो, मालवणला जाऊन दगड पाहायचे?" मी म्हटले, "दगड नाही, प्राणी आहे तो." ही म्हणाली, "मग तर मी बोटीतच बसते."

नागपूरहून मडगावला जाणारी गाडी दुपारी निघते. वर्धा, बडनेरा, अकोला करत रात्री खानदेश ओलांडते आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत डब्यातली भाषा बदललेली असते. आमच्याकडचे "काऊन बा" मागे पडून "खय चल्लात" सुरू होते. कोकण रेल्वेचे बोगदे मोजायचा प्रयत्न दर वेळी रत्नागिरीच्या आसपास सुटतो. कुडाळला उतरायचे आणि तिथून एसटीने तासाभरात मालवण.

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली आणि तीन वर्षांत तट उभा राहिला. किल्ल्यात जाणाऱ्या बोटींना रांग असते. शेजारीच दुसरी रांग, 'स्कुबा'ची. शंभरातल्या नव्वद जणांना ठाऊक नसते, की किल्ल्याभोवतीचे पाणी आणि बाजूचा पद्मगड हा मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी हे अभयारण्य जाहीर झाले. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यांतला गाभा ३.१८. ताडोबाच्या मानाने हे एखाद्या वनपरिक्षेत्राएवढेही नाही. पण महाराष्ट्राचे हे पहिले सागरी अभयारण्य.

आमची बोट किल्ल्याच्या पाठीमागे गेली. पोरांनी कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला, तोंडात नळी दिली, कान दुखले तर नाक दाबून जोर लावायचा हे शिकवले. मागून सिलिंडर धरणारा मुलगा जेमतेम बावीस वर्षांचा असेल. पाठीला त्याचा हात लागला आणि आम्ही खाली गेलो, पंधरा-वीस फूट, त्याहून जास्त नाही.

टीव्हीवर दिसतो तसा निळाशार रंगमहाल इथे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पाणी हिरवट, दोन-तीन वावांपलीकडचे सगळे धुरकट. कर्लीसारख्या नद्या पावसाळ्यात कोकणातली अर्धी लाल माती इथे आणून ओततात. गोडे पाणी आणि गाळ हे दोन्ही प्रवाळाचे वैरी. तरीही हे इथे जगतात म्हणून मालवणच्या प्रवाळांचे अप्रूप. ही कच्छ, मन्नार किंवा लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभिंत नव्हे. खडकांवर जागा मिळेल तिथे वाढलेल्या या वसाहती, धीराच्या आणि चिवट.

पहिला पोराइट्स मला दाखवावा लागला. तपकिरी-पिवळसर गोटा, मोठ्या टोपलीएवढा. नजर वीतभर अंतरावर नेली तेव्हा त्याची कातडी दिसली. मिलिमीटरभर आकाराचे खळगे, एकाला एक लागून, हजारोंनी. प्रत्येक खळग्यात एक पॉलिप, बारा शुंडके असलेला इवला जीव. त्याने खालून चुना पाझरवायचा, त्यावर स्वतः बसायचे आणि पुन्हा पाझरवायचा. वर्षाला सेंटिमीटरभर वाढ झाली तर पुष्कळ. म्हणजे टोपलीएवढा तो गोटाही वयाने चांगला जुना होता. शेजारी टर्बिनेरियाचे वाटीसारखे पसरट थर, त्यांवर पॉलिपची तोंडे बुटक्या नळ्यांसारखी वर आलेली. थोडे पुढे गोनिओपोरा. याचे पॉलिप दिवसाही बाहेर असतात, चोवीस-चोवीस शुंडके पसरून. लाट आली की सगळे एका दिशेला लवतात. दगड म्हणून जी शंका होती ती तिथे संपली.

आणि त्याच पोराइट्सच्या अंगावर एक ओरखडा होता. हातभर लांब, दोन बोटे रुंद, आत पांढरेशुभ्र. कडेने कातडी सोलली गेली होती, त्यावर कुठे कुठे शेवाळ धरायला लागले होते. माणसाचे हाड मोडले तर प्लॅस्टर घालून सहा आठवडे वाट पाहता येते, कारण हाडाभोवती रक्त असते. इथे जिवंत थर फक्त वरचा काही मिलिमीटर. तो निघाला की उरतो नुसता सांगाडा. बाजूची जिवंत कातडी हळूहळू सरकत आली तर जखम बुजते. तिच्याआधी शेवाळाने जागा घेतली, की खेळ खलास.

वर आल्यावर आमच्या बोटीच्या तांडेलकाकांना त्या ओरखड्याबद्दल विचारले. ते होडीच्या नाळेवर बसून हिला मासे ओळखायला शिकवत होते.

"नांगर, काकानू," ते म्हणाले. "रोजच्या एवढ्या बोटी. सगळ्यांका हयच थांबूचा असता. नांगर टाकलो की खडकार बसता, ओढलो की घासत जाता."

"बोया बांधला तर?"

"बांधूक होयो. बोयाक बोट बांधली तर नांगराची गरजच नाय. पण तो राखूचो कोणी?"

एवढ्यात पलीकडच्या बोटीवरून कोणीतरी ब्रेडचे तुकडे पाण्यात टाकले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने वर आले, मोबाइल बाहेर निघाले. ब्रेडला सोकावलेला मासा खडकावरचे शेवाळ खरवडणे सोडतो, आणि शेवाळ वाढले की प्रवाळाचा श्वास कोंडतो. आमच्या बोटीवरची पोरेही फोटोसाठी तेच करत होती. मी खाली होतो तेव्हा एक गृहस्थ टर्बिनेरियावर पाय रोवून विजयाची खूण करत होते.

कायद्याच्या भाषेत ते गृहस्थ कशावर उभे होते, हे आम्हा नागपूरकरांना लवकर कळेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे. २००१ साली त्याच अनुसूचीत भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. म्हणजे ताडोबाची वाघीण आणि मालवणचा पोराइट्स कायद्याच्या एकाच पानावर. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालयही नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये. २०२० साली मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. पहिल्या अनुसूचीतला प्राणी हलवायचा म्हणून मुंबई महापालिकेला वन्यजीव खात्याची परवानगी काढावी लागली. समुद्र मुंबईचा, पण त्याची फाइल नागपूरची.

घरात मात्र आपण याच अनुसूचीतले प्राणी निर्धास्त टांगतो. ओळखीच्या एका घरी दारावर काचेच्या चौकटीत काळी जाळीदार फांदी होती. इंद्रजाल म्हणे, नजर लागत नाही. ही वनस्पती नाही, समुद्रपंखा किंवा काळे प्रवाळ असते, आणि ते बाळगणे हा तीन ते सात वर्षे कैदेचा गुन्हा आहे. मंगळासाठी अंगठीत घालतात ते तांबडे पोवळे वेगळे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते आणि तिथेही ते ओरबाडून ओरबाडून विरळ झाले आहे.

अनुसूची एक असली तरी वागणूक एक नाही. ताडोबात किती गाड्या आत सोडायच्या ते गेटनुसार ठरलेले असते. गाईडशिवाय चाक हलत नाही. गाडीतून पाय खाली ठेवला तर बाहेर काढतात. पावसाळ्यात गाभा बंद, आणि दर मंगळवारी जंगलाला सुट्टी. प्रवाळाला मंगळवार नाही. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत कोकणात जलक्रीडा बंद असतात, त्याही माणसे बुडू नयेत म्हणून. बाकी आठ-नऊ महिने सातही वार त्याच चार खडकांवर बोटी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथे पाहणी करून पर्यटकांच्या डुबक्यांनी प्रवाळ मोडत असल्याचे लिहून ठेवले आहे. याच संस्थेचे संचालक राहिलेल्या डॉ. एस. झेड. कासिम यांनी एम. व्ही. एम. वफर यांच्यासह १९७९ साली रत्नागिरी, मालवण, रेडी इथे जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली होती. म्हणजे माहिती नव्हती असे म्हणायची सोय नाही.

मग अडते कुठे? तांडेलकाकांनी चहा पिताना सांगितले ते कोणत्याही अहवालापेक्षा नेमके होते.

"अभयारण्य झाला तेव्हा मी तरणो होतंय. अभयारण्य म्हटल्यार आमका दर्यात जावक बंदी, असाच आमच्या बापाशीक वाटला. कोण इचारूक इलो नाय. मगे आम्ही तरी कित्याक इचारू?"

मालवणच्या मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध पहिल्यापासूनचा. यामागे निसर्गद्वेष नाही. ज्यांच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, पर्ससीनवाल्यांनी काही शिल्लक ठेवले नाही, त्यांना आणखी एक पाटी परवडणारी नव्हती. पर्ससीन जाळी एका फेऱ्यात अख्खा थवा गोळा करते, ट्रॉलर तळ खरवडतो आणि एलईडीवाले रात्री समुद्रात दिवस करून मासे ओढतात. २०१६ साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या प्रकाशातल्या मासेमारीवर बंदी आणली. बंदी कागदावर आली तरी उजेड रात्री दिसतोच, असे इथला कोणताही रापणकार सांगेल. पर्ससीन आणि एलईडीवाल्यांशी भांडत, किनाऱ्यावर मोर्चे काढत पारंपरिक मच्छीमार समुद्र राखू पाहत होते. प्रवाळाचे खरे पहारेकरी हेच व्हायचे होते. कारण गोब्रा, तांबोसा यांची पिल्ले याच खडकांच्या आडोशाला वाढतात. जगभरच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांखाली नाही, आणि समुद्री जीवांच्या जातींपैकी सुमारे पाव भाग आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला असतो. हे मच्छीमाराला शिकवावे लागत नाही. त्याला विचारावे लागते.

विदर्भाने हा धडा वाघापायी गिरवला आहे. गावे उठवताना झालेली भांडणे, गुरे मारल्यावरचा संताप, विषप्रयोग, सगळे पाहिले. मोहर्ली, कोलारा भागातली पोरे गाईड झाली, जिप्सी चालवू लागली, घरात वाघाचा पैसा आला, तेव्हा कुठे जंगलाला गावातून डोळे मिळाले. सगळे आलबेल झाले असे नाही. माणूस-वाघ संघर्षाच्या बातम्या रोज वाचतोच. पण गावाला वगळून वाघ राहत नाही, एवढे आता सरकारी कागदातही लिहितात.

मालवणात तशी सुरुवात झालेली आहे. २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालला. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटीला चौकोनी आसाचे जाळे लावून पाहिले, म्हणजे पिल्ले निसटतात. खाडीत कालवे आणि खेकडे पाळायचे शिकवले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या. तारकर्लीला पर्यटन महामंडळाने स्कुबा प्रशिक्षणाची संस्था काढली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी तिथे स्थानिक मुलांना डायव्हिंगबरोबर प्रवाळही शिकवले. माझे सिलिंडर धरणारा मुलगा अशाच कुणाच्या तरी हाताखाली शिकला असावा. गोनिओपोरापाशी त्याने माझा हात मनगटाला धरून मागे ओढला होता. कोणी सांगितले नसताना.

पण नांगर, ब्रेड आणि पाय यांवर उपाय मालवणातच होऊ शकतो. दुसरे संकट तिथल्या कोणाच्या हातात नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, यजमानाला देते, रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. यालाच विरंजन म्हणतात. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. १९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळे अशीच मोठ्या प्रमाणावर गेली. मालवणला २०१४ पासून पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा विरंजन नोंदले गेले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले.

आता हे तापमान येते कुठून? हवेत आपण कोंडलेल्या जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र गिळतो. मे महिन्यात धंतोलीतल्या प्रत्येक हॉस्पिटलचे एसी, आणि माझे एक्स-रे मशीनही, कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावर चालते. चिमणीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्रात विरघळतो, पाण्याची आम्लता वाढवतो आणि चुन्याचा सांगाडा बांधणे पॉलिपला जड जाते. १०२० फुटांवर राहून आपण समुद्राच्या हाडांपर्यंत असे पोचलेलो आहोत.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे, आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांचे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, तिथपर्यंत नदीचा गाळ पोचत नाही. म्हणून पाणी नितळ आणि प्रवाळ मालवणहून कितीतरी संपन्न. मला तिथे जाता येणार नाही, माझे वय आणि पोट दोन्ही आडवे येतात. पण अडचण वेगळीच आहे. अभयारण्य करायचे तर ते किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत. आंग्रिया त्याच्या बाहेर, देशाच्या आर्थिक क्षेत्रात. प्राणी पहिल्या अनुसूचीतला, जागा मात्र वन्यजीव कायद्याच्या कुंपणापलीकडची. संरक्षणाचे प्रस्ताव वर्षानुवर्षे फिरत आहेत. ट्रॉलरला प्रस्ताव आडवा येत नाही.

म्हणून मालवणची गोष्ट आधी. तिथे कायदा आहे, सीमा आहे, माणसे आहेत. स्कुबाच्या खडकांवर पक्के बोये बांधा आणि नांगर टाकायला बंदी करा. बोटींची रोजची संख्या ठरवा आणि ती ठरवताना मच्छीमारांच्या गाबीत वस्तीतल्या माणसांना टेबलाशी बसवा. डुबकीच्या दरातला ठरावीक हिस्सा मच्छीमार सोसायट्यांकडे आणि बोये राखणाऱ्या पोरांकडे जाऊ द्या. खडक आळीपाळीने बंद ठेवा. यासाठी नवा कायदा लागत नाही. ताडोबाच्या गेटवर जे रोज चालते तेच धक्क्यावर आणायचे आहे, आणि ते आणण्याचा अधिकार असलेली माणसे माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर बसतात.

तोवर दिवाळीच्या सुट्टीत इकडून जाणाऱ्यांनी बोटीत पाय टाकण्यापूर्वी एवढेच विचारावे : तुम्ही बोट कशाला बांधता? उत्तर 'नांगर' आले तर पुढच्या बोटीकडे जावे. ब्रेड नेऊ नये. खाली काही धरू नये, कशावर उभे राहू नये. ताडोबात गिऱ्हाइक वाघापाशी गाडी घुसवायचा हट्ट सोडते तेव्हा चालकही शिस्तीत राहतो. मालवणच्या बोटवाल्यालाही गिऱ्हाइकच बदलवू शकते, आणि सुट्टीत त्या धक्क्यावर गिऱ्हाइकांत आपल्याकडची मंडळी काही कमी नसतात.